मळखाऊ पडदे

तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठ वळली की कात्री. जिन्याखालच्या चार पावलांच्या जागेत एक पायमशीन मांडून ती तीस वर्षं बसली होती. चेन बदलायची, उसवलेलं शिवायचं, थोरल्याची पँट धाकट्याला आखूड करून द्यायची, हा धंदा. तोंडाला मात्र कुठे टाका नव्हता. "कापड आटलेलं नाही, पोट सुटलंय," हे ती गिऱ्हाइकाला टेप लावून सिद्ध करून दाखवायची.

अशा बाईच्या दारात एका सकाळी देव एकदम तीन बाजूंनी आले, म्हणजे त्यांची माणसं आली. देवळाचे विश्वस्त, मशिदीचे मौलवी आणि चर्चचे फादर. बाक एकच. "आपण बसा, आपण बसा" करत तिघंही शेवटपर्यंत उभेच राहिले.

झालं होतं असं, की मागच्या गल्लीतली चार मजली इमारत पालिकेनं धोकादायक ठरवून एका दुपारी रिकामी केली. नऊ कुटुंबं रस्त्यावर आली. महिनाभर ती शाळेच्या व्हरांड्यात राहिली. मग सुट्टी संपली आणि ज्ञानदानाला जागा अपुरी पडू लागली. तेव्हा या तिघांनी ठरवलं, की कुटुंबांना एकेक आठवडा आळीपाळीनं आपापल्या सभागृहात ठेवायचं. हे ठरायला दहा मिनिटं लागली. पहिला आठवडा कुणाचा, यावर मात्र तीन बैठका झाल्या. पुण्य कमावायच्या रांगेत दुसरा नंबर कुणालाच नको होता. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, मशिदीची निघाली.

"सभागृह ऐसपैस आहे," मौलवी म्हणाले, "पण सगळं एकसलग. नऊ संसार उघड्यावर कसे मांडायचे? पडदे हवेत."

"शिवते की," मावशी म्हणाली. "रंग कुठला?"

हे तिनं विचारायला नको होतं.

विश्वस्तांना भगवा प्रसन्न वाटत होता. मौलवींच्या मते हिरवा डोळ्यांना थंड. फादर म्हणाले, पांढरा घ्या, पांढऱ्याला कसला आलाय धर्म? त्यावर बाकीचे दोघं त्यांच्या पांढऱ्याशुभ्र झग्याकडे नुसते बघत राहिले. निळा निघाला, तो एका पक्षाचा. लाल निघाला, तो दुसऱ्याचा. यात आठवडा गेला. नऊ कुटुंबं शाळेची घंटा व्हायच्या आत अंथरुणं गुंडाळून फाटकाबाहेर बसत होती आणि इकडे सर्वधर्मसमभाव चांगलाच रंगात आला होता.

"एक रंग आहे," मावशी अखेर म्हणाली, "त्याच्यावर अजून कुठल्याच देवानं हक्क सांगितलेला नाही. मळखाऊ."

तशा तपकिरी कापडाचे तागे एका दुकानात वर्षानुवर्षं धूळ खात पडले होते. दुकानदारानं ते इतक्या हौसेनं दान केले, की कोण कुणावर उपकार करतंय तेच कळेना. एवढ्यानं भागलं असतं, पण विश्वस्तांना प्रत्येक पडद्यावर तिन्ही संस्थांची नावं हवी होती.

"आतून घालू की बाहेरून?" मावशीनं साळसूदपणे विचारलं. "आतून घातली, तर बाई कपडे बदलत असताना तुम्ही तिघं समोर उभे. चालेल?"

नावांचा विषय पुन्हा निघाला नाही.

चार दिवस मशीन मारून तिनं अठरा पडदे शिवले. पाय सुजून भोपळ्यासारखे झाले. मशिदीच्या सभागृहात दोऱ्या बांधायला तिघंही जातीनं हजर होते. एक शिडी धरायला तीन धर्म लागले, तरी ती डुगडुगलीच. एक पडदा वीतभर आखूड निघाला. मावशी चष्मा शोधेपर्यंत बेघरांतल्याच एका टॅक्सीवाल्याच्या बायकोनं खालची दुमड उसवून हातशिलाईनं सरळ केलीसुद्धा.

मावशीनं टाके निरखून पाहिले. "हात बरा आहे," ती म्हणाली. तीस वर्षांत एवढं कौतुक तिनं कुणाचं केलं नव्हतं.

पडदे ओढले गेले. आतून अंथरुणं झटकल्याचे, भांडी लावल्याचे आवाज आले. मग तिसऱ्या पडद्याआडून त्याच बाईचा आवाज फुटला.

"उचला ती उशी! महिनाभर लोकांसमोर 'अगं, तू दमलीस, तू दमलीस' चाललं होतं. आता इथे कोण बघतंय तुमचा भलेपणा?"

"हळू बोल!"

"नाही बोलत! महिनाभर हळूच बोलले!"

विश्वस्त गडबडले. "समजूत घालायला हवी," म्हणत फादर पुढे झाले, मौलवी त्यांच्या मागे. मावशी आडवी आली.

"कुणी हलायचं नाही. महिना झाला, बिचाऱ्यांना धड भांडताही आलेलं नाही. भांडू द्या."

मग दुसरीकडून खुदखुद ऐकू आली, कुणी जोरात नाक शिंकरलं, आणि अगदी टोकाच्या पडद्यामागे एक म्हातारी हुंदके देत रडायला लागली. मावशीची कात्री त्या क्षणी बंद पडली. नवरा गेला तेव्हा तिचं घर सांत्वनाला आलेल्यांनी असं गच्च भरलं होतं, की रडायला कोपरा उरला नव्हता. मोरीत जाऊन, नळ सोडून ती रडली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. "चला बाहेर, मदत करणाऱ्यांची गर्दी फार झालीय," एवढं बोलून तिनं तिघांना दाराबाहेर काढलं.

फिरता संसार आठ महिने चाललाय. एकेक करत सात कुटुंबांना खोल्या मिळाल्या. टॅक्सीवाल्यालाही मिळाली, आणि त्याची बायको आता जिन्याखाली दुसऱ्या मशीनवर बसते. तिची जीभही कमी नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला दोन्ही कानांनी ऐकून घ्यावं लागतं.

मध्यंतरी तिघांनी मावशीच्या सत्काराचं काढलं होतं. मानपत्र कुणाच्या हस्ते द्यायचं, यावर गाडं अडलं. मावशीनं निरोप धाडला, "सत्कार ठेवा बाजूला, उरलेल्या दोन कुटुंबांना खोल्या बघा." आणि निरोपाच्या मागोमाग स्वतःच बैठकीला जाऊन बसली. तिला समितीवर कुणी घेतलं, हे कुणालाच आठवत नाही. विचारायची छाती कुणाची नाही. बैठक आता अर्ध्या तासात आटोपते. गेल्या मंगळवारी एका कुटुंबाची खोली पक्की झाली. आता ती म्हातारी आणि तिची लेक तेवढ्या राहिल्यात, आणि फादरांना दोन जागा बघून यायला सांगितलंय.