जांभळ्या साडीच्या पिशव्या

काटकसरीचा मला गर्व आहे. होता म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, अजून थोडा शिल्लक आहे. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पाणी जपायला इथं कुणाला शिकवावं लागत नाही. मी तरीही शिकवते. नवं पाणी आलं की साठवलेलं ‘शिळं’ म्हणून ओतून देणाऱ्या बायकांना मी गॅलरीतून हटकते. तांदूळ धुतलेलं पाणी माझ्याकडे कढीपत्त्याला जातं, चादर विरली की तिची पायपुसणी होतात. मला पाहिलं की गल्लीतल्या बायका प्लॅस्टिकची पिशवी पदराआड लपवतात, आणि मला ते आवडतं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, ते मी आधीच ठरवलं होतं. दरवर्षी घरोघरी प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या वाटल्या जातात, त्यावर मी नाक मुरडत आलेय. कपाटात न नेसलेल्या साड्यांचा ढीग होता. मी सुतीशिवाय नेसत नाही, म्हणून आहेरात आलेल्या बाकीच्या साड्या घडी न मोडता पडून होत्या. आमची आई अशा साडीच्या घडीत चिठ्ठी ठेवायची, कुणाकडून आली त्याची. पुढं कुणाला देताना ती चुकून त्याच घरी परत जायला नको. मला तो कद्रूपणा वाटायचा. आलेला आहेर पुढं सरकवायचा नाही, हा माझा बाणा. मी सरळ कात्री घेतली, मशीनवर बसले आणि सगळ्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या.

हळदीकुंकवाला पिशव्या वाटताना मी थोडं भाषणही केलं. बायकांनी कौतुक केलं. मग शेजारीण आली. त्यांचं घर तेलुगू, नवरा पूर्वी यंत्रमागावर कामाला होता. त्यांची मुलगी दहावीपर्यंत रोज संध्याकाळी माझ्याकडे गणित करायला बसायची. आता ती पुण्यात नोकरीला आहे. शेजारणीच्या हातात मी जांभळी पिशवी ठेवली. तिनं ती उलटीपालटी केली, काठावरून अंगठा फिरवला.

“काठ सुरेख आहे ना?” मी म्हणाले. असं मी खरंच म्हणाले.

“व्हय, लई चांगलाय,” ती म्हणाली. तिळगूळ घेतला आणि न टेकताच गेली.

ती का टेकली नाही, याचा विचार करता करता मला आठवलं. मुलीनं पहिल्या पगारात दोन सारख्या जांभळ्या साड्या घेतल्या होत्या, एक आईला आणि एक मला. शेजारीणच घेऊन आली होती. “पोरगी म्हणली, आईला आन मावशीला सारखीच पायजे,” असं सांगून तिनं कुंकू लावून ती माझ्या ओटीत घातली होती. मी “कशाला गं खर्च” म्हणाले होते आणि साडी ढिगात टाकली होती. मी कोरडी ती कोरडीच. आणि आता त्याच साडीची पिशवी मी तिच्या हातात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला जायला हवं होतं. त्याऐवजी मी तशीच साडी शोधत बाजारात हिंडले. म्हणजे चूक कबूल करायची नव्हती, झाकायची होती. साडी मिळाली नाही.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी मुलगी घरी आली आणि आईला घेऊन थेट माझ्याकडे. शेजारणीच्या अंगावर तीच जांभळी साडी, धुऊन धुऊन विटलेली.

“मावशी, आईनं तर नेसून नेसून पार वाट लावली हिची,” मुलगी हसत म्हणाली. “तुमची कुठाय? नेसा की, दोघींचा फोटो काढते.”

मी तोंड उघडलं. सांगणारच होते, निदान आता तरी मला तसं वाटतं. पण शेजारीण आधी बोलली.

“परवाच हळदीकुंकवाला नेसली हुती की मावशीनं. धुवायला पडली आसंल.”

“खरंच? कशी दिसत होती?”

“लई चांगली दिसत हुती,” ती म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, मुलीकडेच पाहत राहिली. तिला माझी लाज राखायची नव्हती, मुलीचा आनंद राखायचा होता, एवढं मला तेव्हाही कळलं.

मुलगी माझ्याकडे वळली. “हो ना मावशी?”

आणि आयुष्यभर लोकांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगणारी मी, मान हलवून म्हणाले, “हो.”