काकांचं भांडण मिटलं तो आठवडा

शेकडो वर्षांपूर्वी वारलेल्या कॅथलिक जोगिणींशी, म्हणजे नन्सशी, दर रविवारी तावातावाने भांडणारा माणूस सबंध बेंगळुरूत एकच असेल, आणि तो माझा घरमालक आहे. एचएसआर लेआउटमधल्या घरात खाली काका, वर मी. मराठी त्यांच्या नागपूरच्या आईची, ल्यूथरन हा प्रोटेस्टंट पंथ तमिळ वडिलांचा, आणि 'सरी' म्हणजे ठीक, 'स्वल्प' म्हणजे जरासं, हे कानडी शब्द गल्लीतून आलेले. देव भेटतो तो निव्वळ त्याच्या कृपेने, माणसाच्या पुण्याईचा त्यात नखाएवढाही वाटा नाही, हे ल्यूथरन मत काकांनी नुसतं मानलं नाही, थेट स्वयंपाकघरात आणलं. त्यांनी पाठवलेला अप्पमचा डबा मी आपल्या पद्धतीप्रमाणे चकल्या भरून परत केला, तर ते कठडा धरून जिना चढून आले. "परतफेड करतोस? डबा रिकामाच यायला पाहिजे." तेव्हापासून मी डबा धुऊन रिकामा देतो आणि पुण्याला आईला हे कळू देत नाही.

अशा माणसाने लग्न केलं ते मंगळुरूच्या कॅथलिक बाईंशी. काकूंना कवितेचं वेड. जुन्या जोगिणींनी देवाच्या ओढीने लिहिलेल्या कवितांचं एक इंग्रजी पुस्तक त्या रोज वाचून दाखवत आणि काका रोज हरकत घेत. चाळीस वर्षं हे चाललं. मग काकू गेल्या, पाठोपाठ काचबिंदूने काकांची नजर गेली, आणि वाचायचं काम रविवारी दुपारी चार वाजता माझ्याकडे आलं. पंखा बंद ठेवायचा, कारण पंख्याच्या आवाजात चुका लपतात म्हणे. मी वाचायचो, आणि दर दोन ओळींनी काकांचा हात वर. "पुन्हा चढायला लागली ही बाई. अरे, तो स्वतः खाली आलाय ना? मग शिडी कशाला?" हे ते मला विचारत नसत. काकूंचा फोटो जिथे लावलाय त्या भिंतीकडे अंदाजाने तोंड करून विचारत.

पाचला माझं बॅडमिंटनचं कोर्ट ठरलेलं असायचं. एका रविवारी नेमकी लांबलचक कविता आली. मी पहिलं कडवं वाचलं, जीव पायरी पायरीने देवाकडे चढतो ती मधली चार कडवी गाळली, आणि देव स्वतः दार उघडून आत येतो ते शेवटचं कडवं वाचून पुस्तक मिटलं. हात वर झालाच नाही. काका खुर्चीत ताठ बसले. "चढली नाही," ते म्हणाले. "नुसती बसून राहिली, आणि तो आला. ही तर आमचीच निघाली रे." त्यांचे डोळे भरून आले होते. खरं सांगायची ती वेळ होती. मी रॅकेट उचलली आणि निघालो.

आठवडाभरात काकांनी ही बातमी चर्चभर केली. पुढच्या रविवारी त्यांनी काकूंच्या धाकट्या बहिणीला मुद्दाम चहाला बोलावलं. त्या स्वतः जोगीण, हेब्बाळच्या कॉन्व्हेंटमध्ये राहतात. काका मला म्हणाले, "वाच. हिलाही स्वल्प ऐकू दे." आणि मी, सांगायलाही लाज वाटते, तीच कविता पुन्हा तशीच गाळून वाचली. सिस्टर रागावल्या नाहीत, पुस्तकही मागितलं नाही. मधली चार कडवी त्यांनी हळू आवाजात तोंडपाठ म्हटली. काका ऐकत राहिले.

त्या गेल्यावर मी सगळं कबूल केलं. म्हटलं, "काका, आता महिनाभर रोज येऊन वाचीन."

"रोज कशाला? क्षमा अशी कमवायची असती तर मी कॅथलिकच झालो असतो. केली क्षमा. रविवारी ये."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. फुकट मिळालेली क्षमा मला पचत नव्हती. मग ते म्हणाले, "एक सांगू? आठ दिवस मी जिंकलो होतो, भांडण संपलं होतं. घरात बोलायलाच कोणी नव्हतं."

हे ते माझं मन राखायला म्हणाले की खरंच तसं होतं, मला अजून ठाऊक नाही. पुढच्या रविवारी मी ती कविता पहिल्या ओळीपासून सगळी वाचली. मधल्या चार कडव्यांना तरी हात वर होईल म्हणून थांबत थांबत वाचली. काकांनी एकाही ओळीला हरकत घेतली नाही. काकूंशी चाललेलं त्यांचं भांडण माझ्यामुळे कायमचं मिटलं की काय, असं वाटलं. त्यांना दिसत नव्हतं, तरी पुस्तकातून मान वर करून त्यांच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.