झाकलेल्या दोन वाट्या

पेशंटच्या सासूला खोलीबाहेर कसं काढायचं, हे नर्सिंगच्या कॉलेजात कुणी शिकवत नाही. लासुर्ण्याजवळच्या आमच्या उपकेंद्रात मी ते माझं मीच शिकले. "आत्या, तुमचंबी बीपी बघून घेऊ," म्हणायचं आणि व्हरांड्यातल्या आशाताईंकडे धाडायचं. आशाताईंना गप्पांचा भारी नाद, त्यामुळे ते बीपी काही लवकर संपत नाही.

त्या दिवशी बारामतीहून एका पहिलटकरणीच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याचा धोका जास्त. तिच्या सासूबाई हटूनच बसल्या, "पोटात सुई घालून पाणी तपासत्यात म्हणं. करून टाका. काय ते एकदा कळू द्या." सून पदराशी चाळा करत होती.

सासूबाई बीपीला गेल्या तशी मी स्टूल सुनेजवळ ओढलं. म्हटलं, "धोका जास्त म्हंजे आजार हायच, असं न्हाय गं. सुईच्या तपासणीनं नक्की कळतं, पण त्यात मूल पडायची थोडी भीती असती. करायची का न्हाय, हे तू ठरवायचं. मोठ्या डॉक्टरांशीबी बोल."

ती म्हणाली, "ताई, कळलं तरी मला हे बाळ हवंच हाय. मग सुई कशाला? सोनोग्राफी तेवढी येळेवर करीन. फकस्त आत्यांना तुमी सांगा."

"मी न्हाय. तूच सांगायचं."

आणि तिनं सांगितलं की! सासूबाई आत आल्या तशी पहिलं तेच सांगितलं. सासूबाई माझ्याकडे असं बघत निघून गेल्या, की त्या घरचा चहा आता विसरायचा, असं मी धरूनच चालले.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. मी जरा भीतभीतच गेले. फुलांनी नटलेल्या सुनेपुढे झाकलेल्या दोन वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असा तो खेळ. बायकांनी गलका केला, "उघड, उघड!"

सुनेचा हात पुढे होईना. तिनं सासूकडे पाहिलं.

सासूबाईंनी दोन्ही वाट्या उचलल्या. बायकांकडे पाठ करून पेढा-बर्फी एकत्र कुस्करली आणि त्यातला घास सुनेला भरवला. सून खुदकन हसली. मला तर इतका आनंद झाला, की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

"अवो, पण काय निघालं?" एक शेजारीण चिडून म्हणाली.

"तिला आदी कळून घ्यायचं न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "तिनं मला सांगितलंय तसं."