नाक्यावरच्या ताई

वणीत पानठेल्याच्या बाकावर जाऊन बसणारी बाई मी एकच पाहिली. ऊन कललं की त्या चंद्रपूर रोडवरच्या ठेल्यापाशी यायच्या, पर्स मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसायच्या आणि शेजारच्या पोराला विचारायच्या, "काय करून राह्यला बापा सध्या?" पोरांची मोठी पंचाईत व्हायची. पन्नीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारा ठेलेवाला हात थांबवायचा. ज्याच्या तोंडात खर्रा असेल त्याला थुंकताही यायचं नाही आणि 'काही नाही' हे एवढंसं उत्तर धड देताही यायचं नाही. ताई मात्र घाई करायच्या नाहीत. त्याचं तोंड रिकामं होईपर्यंत रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक बघत बसायच्या.

त्या नगर परिषदेत समुदाय संघटक होत्या, कंत्राटावर. मूळच्या महागावच्या. नवरा तिकडेच शाळेत मास्तर. आठवडाभर इथे भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि सुट्टी आली की एसटीने गावी जायच्या. त्यांच्याकडे काम होतं बिनकामाच्या पोरांचं, आणि अशी पोरं त्या वर्षांत गावात मावत नव्हती. कापसाने दगा द्यायला सुरुवात केली होती. आसपासच्या खेड्यांतली पोरं सकाळच्या एसटीने वणीत उतरायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. मधल्या वेळात ती काय करतात हे त्यांच्या घरचेही विचारत नसत. माझे बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. कापूसच येईना तेव्हा जिनिंग बंद पडली आणि बाबा घरी बसले. दुपारी ते आणि मी एकाच खोलीत, एकमेकांकडे न बघता पडून असायचो.

गावाबाहेरचा जकात नाका जकात बंद झाल्यापासून ओसाड पडला होता. तिथे नगर परिषदेने प्रशिक्षण केंद्र काढलं. जागा आणि वीज नगर परिषदेची. खाणीत ठेका असलेल्या एका कंपनीने जुनी वेल्डिंग मशिनं आणि शिकवणारा माणूस द्यायचा, आणि शिकून झाल्यावर प्रत्येक पोराला वर्षभर पगारी उमेदवारीवर घ्यायचं, असा दोघांचा करार होता. सोबत वॉर्डावॉर्डांतल्या पोरांचं एक युवा मंडळही करायचं होतं. ही सगळी मोट ताईंनी बांधायची. नाका उघडला आणि त्या नाक्यावरच्या ताई झाल्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

नव्याने आलेल्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोनाच्या सांगन्यावरून आला, का आपल्या मनानं आला?" मी सरळ सांगितलं की बाबांनी पाठवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग आज घरी जाय. आपल्या मनात आलं का येजो." मला राग आला. बाबांना सांगितलं तर ते कितीतरी दिवसांनी हसले. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा त्यांनी काही न विचारता आतल्या मशिनकडे बोट दाखवलं.

शनिवारी मशिनं बंद असत आणि मंडळाची बैठक असे. त्या आम्हाला सभा खेळायला लावायच्या. एक जण नगराध्यक्ष, एक मुख्याधिकारी, बाकीचे नागरिक. राजूरचा सुधाकर बोलायला उभा राहिला की हात जोडूनच सुरुवात करायचा. त्याची आई चुनाभट्टीवर कामाला होती, तोही लहानपणापासून तिथेच वाढलेला. साहेब दिसला की हात आपोआप जुळायचे. ताई त्याला पुन्हा पुन्हा बसवायच्या, पुन्हा उठवायच्या. "मेहेरबानी मांगू नको. ठरलं हाये तेवढंच विचार," असं त्यांचं सांगणं असे. नाक्यासमोरचा दिवा बंद होता म्हणून सुधाकरला त्यांनी खरोखरच मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये धाडलं. दिवा लागला. सुधाकर त्या दिवशी राजूरला न जाता अंधार पडेपर्यंत त्या खांबाखाली उभा होता.

सुधाकरचा हात वेल्डिंगमध्ये आम्हा सगळ्यांपेक्षा साफ होता. ताईंनाही शिकायची हौस होती. कडक इस्त्रीची सुती साडी, त्यावर आमच्यातल्याच कुणाचा जाड शर्ट चढवून त्या होल्डर धरायच्या आणि त्यांचा जोड गांडूळ सरपटल्यासारखा वाकडातिकडा यायचा. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, पण तो तुकडा पेटीत ठेवून द्यायच्या, पुढच्या वेळी ताडून बघायला. एकदा ठिणगीने पदराला भोक पडलं. रफू करून तीच साडी त्या नगर परिषदेच्या सभेला नेसून गेल्या.

शिक्षण संपत आलं तसा कंपनीचा सूर बदलला. उमेदवारीचं नाव काढलं की साहेब विषय टाळायचे. मग प्रमाणपत्र वाटपाचा समारंभ ठरला, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात ताईंना नगर परिषदेत बोलावणं आलं. कंपनी मोजकीच पोरं घेणार होती. ती कोणती, हे ताईंनीच गुपचूप सांगायचं होतं. बाकीच्यांना समजावून गप्प ठेवायचं, आणि मंचावर मंडळाच्या वतीने एकाने कंपनीचे आभार मानायचे. त्या बदल्यात ताईंचं कंत्राट पुढे चालू राहणार होतं.

हे सगळं त्यांनी आम्हाला नाक्यावर येऊन, सगळ्यांना एकत्र बसवून, जसंच्या तसं सांगितलं. कंत्राटाचंही लपवलं नाही. म्हणाल्या, "नावं मी देनार नाई. पन चार पोरांचं भलं होत असन तं ते मोडनारी मी कोन? तुमी ठरवा." आणि बाहेर रस्त्याकडेच्या कठड्यावर जाऊन बसल्या.

आत आमची चांगलीच जुंपली. काही जण म्हणाले, मिळतं तेवढं घ्या. काही जण म्हणाले, आम्ही काय पाप केलं. सगळे बोलत होते आणि सगळ्यांच्या नजरा अधूनमधून सुधाकरकडे जात होत्या, कारण कुणीही नावं दिली असती तरी पहिलं त्याचंच असतं. तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मी एकटा नाई जात. करारात सगळे हायेत, तं सगळ्यायचं विचारू." त्यानंतर कुणी वाद घातला नाही. बाहेर येऊन त्याने ताईंना निर्णय सांगितला, की आभार मानायला मंचावर तोच जाईल आणि तिथेच सगळ्यांचं विचारेल. त्यांनी त्याला घरी आईला विचारून यायला सांगितलं. "विचारलं तं माय जाऊ नाई देनार," तो म्हणाला. ताईंनी त्याला अडवलं नाही.

समारंभात सुधाकर मंचावर गेला. हात जोडले नाहीत. नगराध्यक्षांचे आणि कंपनीचे आभार मानले आणि त्याच आवाजात विचारलं की करारात प्रत्येकाला वर्षभराची उमेदवारी आहे, ती कोणत्या महिन्यापासून सुरू होणार. आवाज चढला नव्हता, शब्द अडखळला नव्हता. नगराध्यक्ष हसल्यासारखं करून म्हणाले, पोरगं हुशार आहे. कंपनीचे साहेब चहा न घेता निघून गेले.

त्यानंतर सगळं फार लवकर झालं. पोरं भडकवली असा ठपका ठेवून कंपनीने अंग काढून घेतलं. मशिनं ट्रकमध्ये भरून नेली. मोजक्यांना मिळायचं होतं तेही गेलं. नाक्याला कुलूप लागलं आणि ताईंना कळवण्यात आलं की महिनाअखेर काम संपेल.

सुधाकरची आई त्यांच्या खोलीवर आली तेव्हा मी तिथेच होतो. भट्टीवरून तशीच आली होती, केसांवर चुन्याची भुकटी. ती भांडली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, माह्या पोराले तुमी बोलाले शिकवलं. पोट भराले काहून नाई शिकवलं?" ताईंनी तिला आत बोलावलं, पाणी पुढे केलं. तिने पाणी घेतलं नाही. ती गेल्यावर तो पेला हातात धरून ताई बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

उरलेल्या दिवसांत त्यांनी वणीतलं एकेक गॅरेज पालथं घातलं. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, सोबत एकेका पोराला घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि मालकाला म्हणायच्या, आधी याचा हात बघा, मग बोला. मला त्यांनी ट्रकची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात लावलं. मी आजही त्याच धंद्यात आहे. आणखी काही जणांचं जमलं. सुधाकरला मात्र कुणी घेईना. हात बघून मान डोलवायचे, नाव ऐकलं की म्हणायचे, हा भाषण करणारा ना. शेवटी तोच यायचा बंद झाला. ताई राजूरला दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा तो घरी नाही असं सांगण्यात आलं. त्या गावी गेल्या त्या दिवशी स्टँडवर आम्ही काही जण होतो. एसटी सुटेपर्यंत त्या खिडकीतून राजूरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

काही वर्षांनी कामानिमित्त उमरखेडकडे गेलो होतो, तेव्हा वाटेत महागावला त्यांच्याकडे उतरलो. केस पिकले होते, दम लागत होता. माझ्या पोराबाळांची चौकशी झाल्यावर त्यांनी सुधाकरचं विचारलं. मी सांगितलं, एका ठेकेदाराच्या डंपरवर आहे, लग्न झालं, आई गेली. "माह्यावर राग धरून हाये का तो?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की तो तुमचं नावच काढत नाही. त्या चहा टाकायला आत गेल्या. चहा व्हायला फार वेळ लागला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्याच्या मायनं मले जे विचारलं ना, त्याचं उत्तर मी अजून शोधून राह्यली." त्या बाकावर बसून पोरांना प्रश्न विचारणाऱ्या बाईला एका प्रश्नाने कायमचं गाठलं होतं.

ताई गेल्याचा फोन मास्तरांनी मला केला. मी सुधाकरला कळवलं, येईल असं वाटत नव्हतं. पलीकडून बराच वेळ डंपरच्या इंजिनाचाच आवाज येत राहिला. मग इंजिन बंद झालं आणि तो म्हणाला, "थांब, मी येतो."

आम्ही दोघं महागावला गेलो. मास्तरांनी त्याचं नाव विचारलं, त्याने सांगितलं. मास्तर त्याचे दोन्ही हात धरून उभे राहिले आणि ते दोघेही रडले, एकमेकांना कधी भेटले नव्हते तरी.

परतीच्या एसटीत यवतमाळ मागे पडलं. मग सुधाकर खिडकीकडे तोंड करूनच बोलायला लागला. "त्या दिवशी बोललो नसतो तं नोकरी लागली असती. मायचे हाल झाले नसते. लय वर्सं हेच घोकत आलो. पन खरं सांगू का, त्याच्या आंधी मले कोनी काही विचारलं नोतं, आन त्याच्यानंतरबी नाई. तेवढ्या एका दिवशी अख्खी वणी माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे ताईले सांगाचं होतं रे."

वणीचा स्टँड आला. त्याला दुसऱ्या पाळीवर जायचं होतं. मी चहाला थांब म्हणालो, पण उशीर झाला तर ठेकेदार खाडा धरेल म्हणून तो राजूरच्या ऑटोकडे पळत गेला.