रास रचल्यावरचं जेवण

पेणकडच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हा मिठागराच्या बांधावरून रोज जाणंयेणं होई. तिथे मिठाच्या पाट्या वाहणारा एक आगरी गडी भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही, त्याची पाठ बघतच राहायचो. नांगरलेल्या शेतासारखी पाठ!

मला तेव्हा व्यायामाचं वेड होतं. दर तीन तासांनी खाल्लं की अंग भरतं, असं कुठेसं वाचलेलं. दूध, केळी, भिजवलेले हरभरे, सगळं वेळेवर चालायचं. दंड मात्र शेवग्याच्या शेंगा. आणि हा गडी दिवसातून एकदाच जेवायचा.

"मिठाची रास रचली का जेवाचा, मास्तर. आदी न्हाय," एवढंच म्हणायचा.

ताकदीचं गुपित सापडलं म्हणून मीही दिवसातून एकदाच जेवू लागलो. पाचव्या दिवशी दुपारी, शाळेतून परतताना, बांधावरच डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आलो तो त्याच्या खोपटात. त्यानेच खांद्यावर टाकून आणलं होतं. वाशाला टांगलेलं त्याच्या जेवणाचं फडकं सोडून त्याने तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्यापुढे ठेवली. मी अधाशासारखं सगळं संपवलं आणि मग उपाशी राहण्याचं कारण सांगितलं.

तो हसला नाही. नवलाने बघत राहिला.

"तुमच्या घरात खावाला हाय ना, मास्तर? मंग उपाशी कशाला ऱ्हायलाव?"

रिकामं फडकं खांद्यावर टाकून तो पाटी उचलायला गेला. सूर्य बुडेपर्यंत मी दारातून त्याची पाठ बघत बसलो. रास त्या दिवशीही पुरी झाली.