म्हसोबा वाचला पाहिजे

निजामाच्या राजवटीत आमच्या गावच्या किल्ल्यात सरकारनं विद्वानांसाठी अभ्यासघर काढलं होतं. हैदराबादेहून वजिफा घेऊन माणसं यायची. वजिफा म्हंजे अभ्यास करायचा अन् सरकारनं पोसायचं. त्यातल्या एका वजिफादारानं आमचा म्हसोबा नेला. म्हातारा झालो तरी तो राग गेला न्हाय, अन् म्या जाऊ देणार बी न्हाय.

म्हसोबा रानाच्या बांधावर होता. शेंदराची पुटं चढलेला कमरेएवढा धोंडा. वजिफादारानं शेंदूर खरवडला, खाली अक्षरं निघाली. माझ्या बापाला म्हणाला, "पाटील, हा दगड वाचला पाहिजे."

बापाला अक्षर ठाऊक न्हाय. दिवस लुटालुटीचे. त्याला वाटलं, शिकलेला माणूस देवाला वाचवायला आलाय. त्यानं हात जोडले, वर गाडीबैल आमचेच जुंपून दिले.

म्या लोहाऱ्याच्या बाजारातनं आलो तर बांधावर नुसता खड्डा. बापावर लई तणतणलो. तो म्हणाला, किल्ल्याला तट हाय, देव तिथं सुखरूप राहील.

पण पेरणी तोंडावर आली. म्हसोबापुढं नारळ फोडल्याबिगर बाप पाभरीच्या चाड्यावर बियाणाची मूठ धरायचा न्हाय. शेजाऱ्यांची पाभर चालली अन् आमचं रान तसंच. मग म्या नारळ, शेंदूर, तेल घेऊन देव आणायला निघालो.

अभ्यासघराच्या ओसरीत म्हसोबा उघडा उभा. घासून घासून पार पांढरा केलेला. वजिफादार खुर्चीत चहा पीत होता. म्हणाला, वाचायला आणलाय, तुझ्या बापानंच दिला.

तवा मला उमगलं, बाप कुठं फसला ते.

"मग वाचला का?"

"नाही वाचला. अक्षरं झिजलीत. पुढचा वजिफादार बघेल."

परत द्या म्हणलं, तर म्हणाला आता तो सरकारी. मान बी वर केली न्हाय.

म्या तिथंच तेलात शेंदूर कालवला अन् धोंडा वरपासून खालपर्यंत लिंपला. एक अक्षर उघडं ठेवलं न्हाय. नारळ त्याच्याच उंबऱ्यावर फोडला. तो चहा सांडत उठला, सरकारी दगड नासवला म्हणून ओरडाया लागला.

"आता वाचला," म्या म्हणलं.

घरी बापाच्या हातावर खोबरं ठेवलं. त्यानं विचारलं, "देव बरा हाय न्हवं?" म्या व्हय म्हणलं. सकाळी त्यानं चाड्यावर मूठ धरली. बांधाकडं मात्र बघितलं न्हाय.