खडू कुनाकडं हाय?

खुल्ले मामांच्या हातात कुठलीही बंद वस्तू दिली की ते आधी ती कानाशी नेऊन हलवायचे. मग तो बिस्किटाचा पुडा असो, खोकल्याच्या औषधाची बाटली असो, की जावयाने कौतुकाने आणलेला नवाकोरा मोबाइल असो. हलवून झालं की विचारायचे, "ह्याच्यात काय हाय, ते कोन सांगतंय?" पुड्यावर लिहिलंय की, असं कोणी म्हटलं की हसायचे. "लिव्हनारा कोन? इकनाराच ना? मंग त्यो आपल्या मालाचं वाईट काहून लिव्हील?" आणि वस्तू पुन्हा कानाशी न्यायचे.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, चौसाळ्याच्या पलीकडे, हायवे सोडून आत. चौकात चावडी आणि चावडीला लागून मामांचं किराणा दुकान. घराणं लिंगायत, व्यापार बापजाद्यांपासूनचा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात बाह्यांची बंडी आणि दुकानात सगळा माल खुल्ला. आमच्याकडे खुल्लं म्हणजे सुटं. तेल डब्यातून मापानं, डाळ पोत्यातून, गूळ ढेपेतून फोडून. गिऱ्हाइकाने डाळ हातात घ्यावी, दाताखाली धरून बघावी, तेलाचा वास घ्यावा, पटलं तर न्यावं, नाही तर मामांशी भांडावं. पुडेवाल्या कंपन्यांचे एजंट यायचे, चहा प्यायचे आणि एकही पुडा न खपवता जायचे. आडनाव त्यांचं भलतंच होतं. गावाने 'खुल्ले' लावलं आणि पुढे पत्रिकेवरसुद्धा तेच छापून यायला लागलं.

चावडीच्या भिंतीवर मामांनी एक मोठा काळा फळा लावला होता. खाली पत्र्याच्या डब्यात खडू. त्या डब्याचं झाकण त्यांनी मुद्दाम फेकून दिलं होतं. ज्याला जे सांगायचं ते त्याने लिहावं. कुणाची शेळी हरवली, कुठल्या डीपीचा फ्यूज गेला, तुरीला काय भाव लागला, सगळं तिथे. कायदा एकच होता. लिहिणाऱ्याने नाव घातलं तर घातलं, पण पुसणाऱ्याने पुसल्या जागी आपलं नाव लिहायचंच.

मला हे उफराटं वाटायचं. मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, लिहिणाऱ्याचं नाव नको आणि पुसणाऱ्याचं पाहिजे, हा कुठला न्याय?"

"बाई," मामा म्हणाले, "लिव्हनारा बऱ्याचदा भ्यालेला असतोय. नाव मागितलं तर त्यो लिव्हनारच न्हाई. पुसनाराला कसलं भ्या? फडकं त्याच्या हातात हाय."

आणि हा कायदा स्वतःलाही लावायचे. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींबद्दल कोणीतरी वाटेल ते लिहून ठेवलं होतं. मामांनी ते पुसलं आणि त्याच जागी लिहिलं, "खोटं होतं म्हणून पुसलं. खुल्ले." ज्याला भांडायचंय त्याला कोणाशी भांडायचं ते कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भांडायला दोघे आलेही. दोघांनाही चहा मिळाला.

त्यांच्याच माडीवर मी संगणकाचा वर्ग काढला, आणि तिथून आमची खरी जुंपली. पहिल्याच दिवशी मामा वर आले, माउस उचलला, कानाशी हलवला आणि विचारलं, "ह्यो जो आत परोग्राम चालतोय, त्यो उगडून बगता येतोय का?"

"नाही मामा. तो कंपनीचा असतो. आपण फक्त वापरायचा."

"बिगडला तर?"

"कंपनी बघते."

"आनि कंपनीनं न्हाई बगितलं तर?"

"मग नवीन घ्यायचा."

"म्हंजे पुडाच की," मामा म्हणाले आणि जिन्याकडे वळले. मला राग आला. एवढी मशीन जुळवून आणली, फीत कापली, पेढे वाटले आणि हा माणूस माझ्या वर्गाला पुडा म्हणतो. त्या रागातच मी बोलून गेले, की सगळेच तसे नसतात, काही प्रोग्राम लोकांनी मिळून लिहिलेले असतात, ते उघडून बघता येतात, बदलता येतात, दुसऱ्याला देता येतात आणि कोणी अडवत नाही. मामा अर्ध्या जिन्यातून परत वर आले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. इतक्या वर्षांनी जत्रेत भाऊ सापडावा तसे बघत होते.

"म्हंजे खुल्लं?" त्यांनी विचारलं. "बाई, आगं हे तर आपलं दुकान हाय."

मी त्यांना रोखायच्या आत ते खाली गेले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, "माडीवर खुल्लं आलं आहे. ज्याने त्याने घेऊन जावे. वाटल्यास दुसऱ्याला द्यावे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडायला आले तर जिन्यावर बायकांची ही रांग. प्रत्येकीच्या हातात किटली, नाही तर पिशवी. पुढच्या बाईने विचारलं, "तेल हाय का साकर?" मला हसावं की रडावं कळेना. मामा मात्र असे खूश, की त्यांना आयतीच सभा मिळाली. तिथेच पायरीवर उभं राहून त्यांनी विचारलं, "तुमच्या सासवांनी तुमाला येसराच्या मसाल्याची कृती दिली का न्हाई?" दिली, बायका म्हणाल्या. "तुमी त्यात धने वाढवले का?" वाढवले. "मंग ती कृती आता तुमची झाली, सासूची बी राह्यली, आनि शेजारनीला दिली तरी कुनाची आमटी कमी झाली न्हाई. खुल्लं म्हंजे हे."

"पटलं," पुढची बाई म्हणाली. "मंग तेल कुठाय?"

मामांनी तिला खालून तेल मापून दिलं. पण त्या दिवसापासून माझ्या मागे त्यांनी धोशा लावला. मशीनवर सगळं खुल्लंच पाहिजे. मी सांगून दमले की परीक्षा पुड्यातल्या प्रोग्रामवर होते, पोरींना सर्टिफिकेट लागतं, नोकरी लागते. शेवटी निम्म्या मशीनवर पुडा आणि निम्म्यावर खुल्लं असा तह झाला. पोरी दोन्ही शिकल्या. उलट खुल्ल्याच्या बाजूच्या पोरी आगाऊ निघाल्या. बिघडलं की मला न विचारता आत हात घालायच्या, आणखी बिघडवायच्या आणि मग दुरुस्त करायच्या. मामांना त्यांचा कोण अभिमान.

फोनवर त्यांचा विशेष राग होता. "पैल्या फोनचं बूड नखानं निघत हुतं. सेल काडला, पुसला, घातला. आता ह्याला फटच न्हाई. ज्याला आपल्याला उगडता येत न्हाई त्यो आपला न्हाई, आपन त्याचे." टीव्हीवर बातम्या लागल्या की ते आवाज बंद करायचे आणि मामींना विचारायचे, "काय इकायलेत सांग बरं?" मामी स्वयंपाकघरातून न बघता सांगायच्या, "भांडन." बातमी पुड्यात आली की वजनात कमी धरायची, हे मामांचं ठाम मत. आणि फुकट शब्दावर तर ते उसळायचेच. कोणी म्हटलं की अमुक ॲप फुकट आहे, तर म्हणायचे, "फुकट आनि खुल्लं ह्यात फरक हाय बे. फुकट देनारा आपल्याला धरून ठिवतो. खुल्लं देनारा सोडून देतो." मी ही वाक्यं पुढे बीडच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर मुलांसमोर म्हटली. टाळ्या मला पडल्या, हा भाग वेगळा.

मग नानांनी गाव डिजिटल करायचं ठरवलं. नाना म्हणजे गावचं बडं प्रस्थ, माजलगावकडे उसाची बागायत, दारात पांढरी गाडी, पंचायतीत शब्द त्यांचाच. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना 'नाही' ऐकायची सवय नव्हती. त्यांच्या पुतण्याने पुण्याहून गावाचं ॲप करून आणलं. घराघरांत माणसं पाठवून ते सगळ्यांच्या फोनमध्ये भरलं. चावडीवर लाल अक्षरं सरकणारा बोर्ड लागणार होता, आणि त्यावर काय सरकायचं ते नानांच्या घरून ठरणार होतं. त्याच्यासाठी भिंत मोकळी पाहिजे, म्हणून फळा काढायचा. हे सांगायला नाना स्वतः दुकानात आले.

मामांनी त्यांना गूळ-शेंगदाणे दिले. म्हणाले, "नाना, बोर्ड लई झ्याक हाय. लावा की. फकस्त येवडं सांगा, खडू कुनाकडं हाय?"

"आता खडू कशाला लागतोय मामा? डिजिटल हाय त्ये."

"त्येच इचारतोय. त्या डिजिटलचा खडू कुनाकडं?"

नाना हसले आणि आठवड्याने माणसं पाठवतो म्हणून गेले. मामा हसले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा गिऱ्हाइकाला तेल देताना त्यांचं माप चुकलेलं मी पाहिलं. दुकान मुलगा सांभाळत होताच, पोटाला कमी नव्हतं. पण त्यांचा जीव त्या फळ्यात होता. मामी मला हळूच म्हणाल्या, "फळा गेला तर ह्यांचं काई खरं न्हाई गं."

त्याच आठवड्यात टाकीच्या पाण्याला वास यायला लागला. मी ॲपवर लिहिलं. थोड्या वेळाने बघते तर माझं वाक्य गायब. तक्रार नाही, उत्तर नाही, जागासुद्धा नाही. वरची आणि खालची वाक्यं एकमेकांना चिकटून बसलेली. मी संतापून खाली गेले आणि मामांना दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून बघितला.

"पुसलेलं दिसत बी न्हाई?"

"नाही."

"मंग हे पुसन्यापरास वाईट हाय, बाई. पुसल्यावर निदान पांढरं तर राहतंय."

तोवर फळ्यावरही कुणीतरी लिहून गेलं होतं, "टाकीचं पाणी उकळून प्या." दुपारी लोक जेवायला गेले तेवढ्यात तेही पुसलं गेलं, आणि नाव नव्हतं. फळ्याच्या सगळ्या आयुष्यात बिननावाचं पुसणं पहिल्यांदाच झालं. मला वाटलं मामा ते पुन्हा लिहितील. त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी खडू घेतला, पुसलेल्या पांढऱ्या डागाभोवती मोठं गोल काढलं आणि खाली लिहिलं, "इथं काहीतरी होतं. कोणी पुसलं?" मग खुर्ची टाकून शेजारी बसले.

बाप रे, काय मजा झाली म्हणून सांगू. नुसतं वाक्य असतं तर निम्मे लोक न वाचता गेले असते. आता जो येईल तो थांबायचा. काय होतं इथे? ज्याने वाचलं होतं तो सांगायचा. दिवेलागणीपर्यंत पाली गावच्या पाहुण्यांनासुद्धा कळलं की आमच्या टाकीचं पाणी खराब आहे. चौक भरला. आणि नाना आले.

"मामा, काय लावलंय हे? मीच पुसायला सांगितलं. गावाची बदनामी हुती."

"मालक हाव तुमी," मामा शांतपणे म्हणाले आणि खडू पुढे केला. "मंग करा सही."

सगळा चौक बघत होता. माघार घेतील तर ते नाना कसले. त्यांनी खडू घेतला आणि गोलाच्या मधोमध, ठसठशीत अक्षरांत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. वर म्हणाले, "घ्या. भितो का काय मी?"

"न्हाई ना," मामा म्हणाले. "म्हनूनच गाव आता मला इचारनार न्हाई, तुमाला इचारंल."

आणि गावाने विचारलंच की. सकाळी नानांच्या दारात त्याच बायका, त्याच किटल्या घेऊन, पण आता त्यात टाकीचं पाणी. एक म्हणाली, "नाना, तुमची सही बगितली. आता ह्याचा चहा करून पिऊन दाखवा." त्याच दिवशी टाकी धुतली गेली. लाल अक्षरांचा बोर्ड पंचायतीच्या मागच्या भिंतीवर गेला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकवत राहिला. फळा जागेवर राहिला. पुढे नाना स्वतः त्यावर लिहायला लागले, आणि पुसलं तर सही करायला लागले. आठवलं की अजून माझ्या अंगात वारं भरतं.

मामा यंदाच्या उन्हाळ्यात गेले. दुपारी दुकानातच, तराजूशेजारी बसल्या बसल्या. मी बीडहून पोहोचले तेव्हा शेतात समाधीचा खड्डा तयार होता. नाना बांधावर उभे राहून लहान पोरासारखे रडत होते. गावात परतले तर फळ्यावर मधोमध एकच ओळ होती. "खुल्ले मामा गेले." अक्षर कुणाचं ते कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

ती ओळ कोणी पुसेना. दिवस झाले, विधी झाले, तरी लोक कडेकडेने बारीक अक्षरांत लिहायचे, तिला धक्का लागू द्यायचे नाहीत. पुसलं तर नाव लिहावं लागणार, आणि ते नाव कुणालाच लिहायचं नव्हतं. बाजाराच्या दिवशी जागाच उरली नाही. एक म्हातारा हरवलेल्या गायीचं लिहायला आला आणि तसाच परत फिरला. मामी ओट्यावरून बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, "सुनंदा, पूस बाई तू. त्यांच्यामुळं कुनाची गाय अडली तर त्यांना चालंल का?"

मी पुसलं. फार रडू आलं, ते लपवलं नाही. पुसल्या जागी माझं नाव लिहिलं आणि त्या म्हाताऱ्याला हाक मारून खडू दिला.

मी अजून हात झटकत होते, तेवढ्यात एसटीतून उतरलेली एक परगावची बाई फळ्यापाशी थांबली. तिने माझं नाव वाचलं आणि विचारलं, "ओ बाई, सुनंदा कोन हाय? काय पुसलं तिनं हितं?"

मी म्हटलं, "मीच. बसा, सांगते."